कर्जाच्या कागदांत दडलेली पॉलिसी

कर्ज मागायला गेलेल्या माणसाच्या गळ्यात कर्जासोबत विमा पॉलिसी पडते, आणि ती सांगितली होती तशी नव्हती हे त्याला दोन-चार वर्षांनी कळते. दिशाभूल करून झालेल्या विमाविक्रीचा हा फार जुना प्रकार आहे. पॉलिसी खोटी नसते, कंपनी बनावट नसते, सही बहुतेक वेळा खरी असते. खोटे असते ते सही घेताना झालेले बोलणे. भरपाई मागणाऱ्यापुढची खरी अडचण हीच, कारण बोलणे हवेत विरते आणि कागद उरतो.

यवतमाळ जिल्ह्यातला मारेगाव हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. शेजारच्या वणीत कोळशाच्या खाणी. इथल्या कुटुंबाचे बँकेत जाणे ठराविक निमित्तांनी होते. खरिपाच्या तोंडावर पीककर्जाचे नवे-जुने करायचे असते, सोने तारण ठेवायचे असते, घर बांधायला कर्ज हवे असते, नाहीतर निवृत्तीची किंवा जमिनीच्या मोबदल्याची रक्कम खात्यात आलेली असते. म्हणजे माणूस एकतर अडलेला असतो किंवा त्याच्या हाती एकाएकी पैसा आलेला असतो. पॉलिसी विकणाऱ्याला दोन्ही अवस्था सोयीच्या. अडलेल्याला सांगितले जाते, ‘ही घेतल्याशिवाय फाईल पुढे जाणार नाही’. पैसे असलेल्याला सांगितले जाते, ‘एफडीपेक्षा हे चांगले, एकदाच भरायचे आणि पाच वर्षांनी दुप्पट’.

या व्यवहाराची एक मोठी आणि नीट तपासली गेलेली घटना ब्रिटनमधली आहे. तिथे १९८० च्या दशकात गृहकर्जाची एक पद्धत फार लोकप्रिय झाली. कर्जदाराने बँकेला दरमहा फक्त व्याज द्यायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही. त्याऐवजी विमा कंपनीकडे एन्डोवमेंट पॉलिसीचा हप्ता भरायचा. पंचवीस वर्षांनी पॉलिसीची मुदत भरली की त्या रकमेतून मुद्दल एकदम फेडायचे, वर काही शिल्लक राहील ती आपली. त्या दशकाच्या अखेरीस नव्या गृहकर्जांपैकी बहुसंख्य कर्जे याच पद्धतीची होती. परताव्याचे दर चढे होते तोवर गणित जुळत राहिले. पुढच्या दशकात महागाई आणि व्याजदर उतरले, गुंतवणुकीवरचा परतावाही घटला, आणि लाखो घरमालकांना विमा कंपन्यांची पत्रे येऊ लागली. पॉलिसीच्या रकमेतून कर्ज फिटण्याची शक्यता किती, हे त्या पत्रांत लाल, पिवळ्या आणि हिरव्या अशा तीन वर्गांत सांगितलेले असे. लाल पत्राचा अर्थ, पॉलिसीची रक्कम कर्जाला कमी पडण्याचा धोका मोठा आहे.

ब्रिटनमधल्या भरपाईच्या पद्धतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या होत्या. पहिली, रक्कम कमी पडली एवढ्यावर भरपाई मिळत नसे. बाजार पडला तर तो कोणाचा गुन्हा नाही. विकताना धोका सांगितला होता का, ‘कर्ज नक्की फिटेल’ अशी हमी दिली होती का, त्या माणसाला ही पॉलिसी मुळात योग्य होती का, हे पाहिले जाई. दुसरी गोष्ट हिशोबाची. त्याच माणसाने साधे, मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडत जाणारे कर्ज घेतले असते तर आज त्याचे किती मुद्दल फिटले असते, आणि हप्त्यात किती फरक पडला असता, हे काढून तेवढी रक्कम त्याला देत. चूक झालीच नसती तर तो जिथे असता तिथे त्याला नेऊन ठेवायचे, हे भरपाईचे तत्त्व. मुदतही होती: लाल पत्र हाती पडल्यापासून साधारण तीन वर्षांत तक्रार केली नाही, तर ती कालबाह्य ठरे. भारतात असे पत्र पाठवण्याची कोणतीही पद्धत नाही. आपले काय झाले हे ग्राहकानेच शोधायचे असते.

भारतात हुबेहूब ब्रिटिश नमुन्याची कर्जे रुजली नाहीत. इथे कर्ज वेगळे फेडावे लागते आणि पॉलिसीचा हप्ता वेगळा भरावा लागतो. अशा पॉलिसीचे दोन प्रकार दिसतात, आणि त्यांत गल्लत झाली की तक्रारही चुकीची लिहिली जाते.

पहिला प्रकार बचतीच्या पॉलिसीचा. एन्डोवमेंट, मनीबॅक, ‘गॅरंटीड इन्कम’ किंवा बाजाराशी जोडलेली युनिट-लिंक्ड पॉलिसी. कर्जाशी तिचा संबंध नसतो. ती कर्जाच्या टेबलावर विकली जाते एवढेच. समजा, वर्षाला ५०,००० रुपये असे दहा वर्षे भरले आणि विसाव्या वर्षाअखेर आठ लाख मिळाले. पाच लाखांचे आठ लाख झाले, हे ऐकायला बरे वाटते. पण मधली वर्षे मोजली तर या पैशावर वर्षाला जेमतेम तीन टक्के सुटतात. हेच हप्ते नऊ टक्के दराच्या कर्जात जास्तीचे म्हणून भरले असते, तर त्याच वीस वर्षांत त्यांचे मोल साडेएकोणीस लाखांच्या पुढे गेले असते. नऊ टक्क्यांनी घ्यायचे आणि तीन टक्क्यांनी ठेवायचे, असा हा व्यवहार.

दुसरा प्रकार कर्जसंरक्षण विम्याचा. कर्जदार वारला तर शिल्लक कर्ज विमा कंपनी फेडते. विम्याची रक्कम कर्जाबरोबर दरवर्षी कमी होत जाते. बँक समूह पॉलिसीची धारक असते आणि कर्जदाराला फक्त प्रमाणपत्र मिळते, बऱ्याचदा तेही मागितल्यावर. ही पॉलिसी मुळात वाईट नाही. कमावता माणूस एकच असेल तर घर वाचवणारी आहे. खटकते ती विक्रीची रीत. हप्ता एकरकमी असतो आणि तो न विचारता कर्जातच मिळवला जातो. दहा लाखांच्या कर्जात ६०,००० रुपयांचा हप्ता मिसळला, तर नऊ टक्के दराने वीस वर्षांत त्यापोटी महिना सुमारे ५४० रुपये जातात, म्हणजे एकूण जवळपास १ लाख ३० हजार. तेवढ्याच संरक्षणाचा साधा मुदत विमा बाहेर कितीला मिळतो, याची तुलना करायला ग्राहकाला सवडच दिलेली नसते.

दोन्ही प्रकारांत एक वाक्य समान असते: ‘विमा सक्तीचा आहे.’ तारण घराचा आगीपासून विमा उतरवायला बँक सांगू शकते. ती तिच्या तारणाची काळजी आहे. पण जीवनविमा घेतल्याशिवाय कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा किंवा विमा नियामक प्राधिकरणाचा नियम नाही. उलट विमा विकणाऱ्या बँकेने तो दुसऱ्या सेवेच्या गळ्यात बांधू नये, अशी प्राधिकरणाची आचारसंहिता आहे. पीकविम्याबाबत गोंधळ होण्याला मात्र कारण आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली तेव्हा कर्जदार शेतकऱ्याला ती बंधनकारकच होती. २०२० च्या खरिपापासून ती ऐच्छिक झाली. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचे वर्षाचे ४३६ रुपयेही खातेदाराच्या संमतीनेच कापायचे असतात. खात्यातून सरकारी योजनांचे पैसे आपोआप कापले जातात याची सवय झालेल्या गावात आणखी एक कपात कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

बँक कर्मचारी हे का करतात, याचे उत्तर कमिशनमध्ये आणि वरून आलेल्या टार्गेटमध्ये आहे. बचतीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशनला विमा कायद्याने दीर्घकाळ मुभा होती. पहिल्याच वर्षी एवढे मिळणार असेल, तर ग्राहकाने पुढचे हप्ते भरले काय आणि न भरले काय, विकणाऱ्याचे काम झालेले असते. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांनी केलेल्या अभ्यासाने २००४-०५ ते २०११-१२ या काळात बंद पडलेल्या पॉलिसींमुळे भारतीय ग्राहकांचे सुमारे दीड लाख कोटी रुपये बुडाल्याचा अंदाज मांडला होता. त्याच काळात, २०१० च्या सप्टेंबरपासून, युनिट-लिंक्ड पॉलिसींच्या शुल्कांवर मर्यादा आली आणि पैसे पाच वर्षे अडकवून ठेवण्याचा नियम झाला. मग विकणाऱ्यांचा ओढा बाजाराशी न जोडलेल्या पारंपरिक पॉलिसींकडे वळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईतल्या एका बँकिंग परिषदेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांनी चुकीच्या रीतीने विमा विकल्याने कर्ज घेण्याचा खर्चच अप्रत्यक्षपणे वाढतो, असे बँकांना सुनावले. मंत्र्यांना सुनवावे लागते, यावरून हा प्रकार एखाद्या शाखेपुरता नाही हे उघड आहे.

फसवणूक झाली असे वाटणे आणि ती सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे. परतावा कमी मिळाला, शेजाऱ्याला म्युच्युअल फंडात जास्त मिळाले, ही तक्रार होत नाही. तक्रार उभी राहते ती ठोस विसंगतीवर. एकदाच भरायची म्हणून विकलेली पॉलिसी दरवर्षी हप्ता मागते. ‘मुदत ठेव’ म्हणून घेतलेल्या पैशाची पावती विमा कंपनीची निघते. सत्तरीच्या माणसाला वयामुळे विमा मिळत नाही म्हणून त्याच्या मुलाला किंवा नातवाला विमेदार केलेले असते. आणि सर्वांत बोलका पुरावा प्रस्तावपत्रात असतो. एजंटाने भरलेल्या अर्जात चार एकर कोरडवाहू शेती असलेल्याचे वार्षिक उत्पन्न आठ लाख लिहिलेले असते, व्यवसायाच्या रकान्यात ‘व्यापारी’ असते, फोन नंबर किंवा ईमेल भलत्याचाच असतो. ज्याचे उत्पन्न वर्षाला लाखभर, त्याला लाखाच्या हप्त्याची पॉलिसी देताना ती त्याला परवडते का हे कंपनीने तपासले कसे, हा प्रश्न कोणत्याही सुनावणीत टाळता येत नाही.

मारेगाव तालुक्याच्या दृष्टीने भाषेचा मुद्दा मोलाचा आहे. अर्ज बहुधा इंग्रजीत असतो. अर्जदाराने तो स्वतः भरला नसेल, त्या भाषेत त्याला वाचता येत नसेल किंवा त्याने अंगठा दिला असेल, तर मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे घोषणापत्र अर्जाला जोडावे लागते. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, घरी कोलामी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या माणसाने इंग्रजी अर्जावर मराठीत सही केली असेल आणि ते घोषणापत्र कोरे असेल, किंवा त्यावर समजावून सांगणारा म्हणून विकणाऱ्या एजंटाचीच सही असेल, तर कागदाच्या भिंतीला पडलेली ती पहिली भेग आहे.

दुसरी भेग पडताळणीच्या फोनमध्ये सापडते. पॉलिसी देण्याआधी बऱ्याच कंपन्या ग्राहकाला फोन करून अटी समजल्या का ते विचारतात आणि संभाषण नोंदवून ठेवतात. ‘फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर कर्ज अडकेल’ असे आधी पढवलेले असते, त्यामुळे हे ध्वनिमुद्रण कंपनीच आपल्या बाजूने पुढे करते. तरी ते मागावे. कित्येकदा प्रश्न हिंदीत, घाईघाईत विचारलेले असतात, हप्ता किती वर्षे भरायचा याचा त्यात उल्लेखच नसतो, किंवा फोनवरचा आवाज ग्राहकाचा नसतोच.

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय मात्र तक्रारीच्या आधीचा आहे. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ठराविक दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते. या मुदतीला फ्री-लूक म्हणतात. आधी ती सर्वसाधारणपणे १५ दिवसांची होती. प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनी ती ३० दिवसांची केली. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा अल्पसा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा जाते, बाकी पैसे परत मिळतात. दिशाभूल सिद्ध करावी लागत नाही. मुदत सुरू होते ती पॉलिसी मिळाल्या दिवसापासून, विकत घेतल्यापासून नव्हे. पॉलिसी ग्राहकाला पोचवली हे दाखवण्याचा भार कंपनीवर असतो. कागद शाखेतच अडकून राहिला असेल, ‘लॉकरला सुरक्षित ठेवतो’ म्हणून एजंटाने महिनाभर स्वतःकडे ठेवला असेल, किंवा नुसताच कोणाच्या तरी ईमेलवर गेला असेल, तर मुदत संपली हे कंपनीचे म्हणणे तपासून पाहावे लागते. टपालाचे पाकीट, त्यावरचा शिक्का आणि कुरिअरची पावती म्हणूनच जपून ठेवायची.

ही मुदत टळली की लेखी तक्रारीचा रस्ता सुरू होतो. पहिली पायरी विमा कंपनी. शाखेत जाऊन साहेबांशी बोलणे म्हणजे तक्रार नव्हे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे मराठीत अर्ज लिहावा आणि पोच घ्यावी, किंवा तो पोच मिळेल अशा टपालाने पाठवावा. अर्जात आरोपांची आतषबाजी करण्यापेक्षा तारखांचा क्रम लिहिलेला बरा: कर्ज केव्हा मागितले, कोणी काय सांगितले, सही कुठे झाली, पैसे कोणत्या खात्यातून कोणत्या दिवशी गेले, पॉलिसी केव्हा मिळाली, खरी गोष्ट केव्हा कळली. कर्ज मंजुरीची आणि पॉलिसीची तारीख एकच असेल, हप्ता कर्जखात्यातूनच वळता झाला असेल, तर पासबुकाची ती एक ओळ दहा साक्षीदारांचे काम करते. सोबत प्रस्तावपत्राची सहीसह प्रत, लाभदर्शक तक्ता, भाषेचे घोषणापत्र आणि फोनचे ध्वनिमुद्रण मागावे. लाभदर्शक तक्ता पाहण्यासारखा असतो. बोनसच्या किंवा बाजाराशी जोडलेल्या पॉलिसीत त्यात चार आणि आठ टक्के असे दोन गृहीत दर धरून रकमा दाखवलेल्या असतात, आणि एजंटाने तोंडी सांगितलेला ‘दुप्पट’ आकडा त्यांपैकी एकाही रकान्यात सापडत नाही.

‘तो एजंट आता आमच्याकडे नाही’ हे कंपनीचे ठरलेले उत्तर. विमा कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एजंटाच्या कृतींची आणि चुकांची जबाबदारी कंपनीवर टाकलेली आहे. एजंट नोकरी सोडून गेल्याने ती संपत नाही.

कंपनीने दोन आठवड्यांत तक्रारीचा निकाल लावणे अपेक्षित आहे. समांतरपणे प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. प्राधिकरण स्वतः निवाडा करत नाही. ते तक्रार कंपनीकडे पाठवते आणि नोंद ठेवते. पण कंपनीच्या दप्तरात पडून राहणाऱ्या कागदापेक्षा नियामकाच्या दप्तरात क्रमांक मिळालेला कागद लवकर हलतो.

खरा निवाडा मिळतो तो विमा लोकपालांकडे. ही व्यवस्था १९९८ च्या नियमांनी सुरू झाली आणि आता २०१७ च्या विमा लोकपाल नियमांनुसार चालते. मुंबई महानगर आणि त्याच्या आसपासचा भाग सोडून उर्वरित महाराष्ट्र पुण्याच्या लोकपालांकडे येतो, म्हणजे यवतमाळ जिल्हाही. त्यांचे कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत आहे. मारेगावहून पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. पण २०२१ च्या दुरुस्तीने तक्रार ऑनलाइन करण्याची आणि सुनावणी व्हिडिओवर घेण्याची सोय झाली, त्यामुळे हा अडसर बराच कमी झाला. फी नाही. वकील लागत नाही, चालतही नाही.

लोकपालांकडे जाण्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली असली पाहिजे. कंपनीने ती फेटाळली, उत्तर असमाधानकारक दिले किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर तिथून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे अर्ज करायचा. तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर ते तो घेत नाहीत. पॉलिसीच्या अटी चुकीच्या सांगणे, आणि प्रस्तावाशी न जुळणारी पॉलिसी देणे, हे दोन्ही विषय त्यांच्या अधिकारात स्पष्ट शब्दांत आहेत. लोकपाल आधी समेट घडवून पाहतात. न जमल्यास, सर्व कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतात. तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिने ३० दिवसांत पाळायचा असतो. ग्राहकावर मात्र तो बंधनकारक नाही. पटला नाही तर पुढचा दरवाजा उघडा राहतो. भरपाईची कमाल मर्यादा आधी ३० लाख होती, २०२३ मध्ये ती ५० लाख झाली. मारेगावच्या बहुतेक तक्रारींना ती पुरून उरेल.

लोकपालांच्या निवाड्याचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. ते प्रत्यक्ष झालेल्या नुकसानाच्या पलीकडे जात नाहीत. मनस्ताप, हेलपाटे, मुलीचे लग्न लांबले, यांची किंमत तिथे होत नाही. दिशाभूल पटली तर पॉलिसी रद्द करून भरलेले हप्ते परत द्या असा आदेश होतो. ‘एकदाच भरायचे’ या तोंडी वचनाच्या प्रकरणांत कधीकधी नियमित हप्त्याची पॉलिसी एकरकमी पॉलिसीत बदलून देण्याचा मधला मार्गही काढला जातो. ब्रिटनसारखा ‘ही पॉलिसी घेतलीच नसती तर’ असा हिशोब इथे कोणी मांडत नाही. पाच वर्षांनी मुद्दल परत मिळाले आणि त्या पाच वर्षांत तोच पैसा नसल्याने सावकाराकडून कर्ज काढावे लागले असेल, तर त्या व्याजाचा भार ग्राहकाचाच राहतो. भारतीय व्यवस्थेतली ही उणीव खरी आहे, आणि तक्रारदाराने आपल्या अर्जात हा हिशोब आकड्यांत मांडायला हरकत नाही. मागितलेच नाही तर मिळण्याचा प्रश्न येत नाही.

बँकेच्या वागणुकीबद्दलची तक्रार वेगळी चालते. सक्ती बँकेने केली असेल, संमतीशिवाय खात्यातून पैसे वळते केले असतील, तर आधी बँकेला लेखी कळवून तीस दिवस थांबायचे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जायचे. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत नुकसानभरपाईची मर्यादा २० लाख ठेवली गेली आणि वेळ व मनस्ताप यांसाठी वेगळे एक लाखापर्यंत देण्याची तरतूद झाली. ही तक्रार करताना २०२४ चा एक नियम हाताशी ठेवावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला कर्जाचे ‘मुख्य तथ्य पत्रक’ देणे बँकांना बंधनकारक आहे, आणि कर्जदाराकडून वसूल केलेला विमा हप्ता त्यात वेगळा दाखवून वार्षिक खर्चाच्या दरात मोजावा लागतो. पत्रकात विमा नाही आणि खात्यातून हप्ता मात्र गेला, तर बँकेला उत्तर द्यावे लागते. पतसंस्थेतून कर्ज घेतले असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांचा उपयोग नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालतात आणि त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते.

तिसरा दरवाजा यवतमाळच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ग्राहकाला मोठी सोय करून दिली: तो राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत. दाव्याची पातळी मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, मोजलेल्या पैशावरून, म्हणजे भरलेल्या हप्त्यांवरून ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत फी शून्य. इथे हप्त्यांची परतफेड, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, चारही गोष्टी मागता येतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. फसवणूक नंतर उघड झाली असेल तर ती केव्हा आणि कशी कळली हे तारखेनिशी लिहावे, आणि उशीर माफ करण्याचा अर्ज सोबतच जोडावा. निकाल कायद्यात लिहिल्याप्रमाणे काही महिन्यांत लागत नाही, हे गृहीत धरूनच तिथे जावे.

युनिट-लिंक्ड पॉलिसी असेल तर ग्राहक आयोगात एक अडथळा येतो. राष्ट्रीय आयोगाने २०१३ मध्ये एका प्रकरणात अशा पॉलिसीतली गुंतवणूक सट्ट्याच्या स्वरूपाची मानली आणि गुंतवणारा ‘ग्राहक’ ठरत नाही असे म्हटले. कंपन्या अजूनही त्या निकालाचा आधार घेतात. अशा वेळी तक्रार ‘परतावा कमी मिळाला’ अशी न मांडता ‘विकताना खोटे सांगितले’ अशीच मांडावी लागते; आणि शक्यतो आधी विमा लोकपालांकडे जाणे शहाणपणाचे.

अर्ज लिहिणार कोण, हा तालुक्याच्या गावात मोठा प्रश्न असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला की वकील मिळू शकतो. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांचे कार्यकर्तेही असे अर्ज लिहून देतात.

तक्रार चालू असताना हप्ते भरायचे की थांबवायचे, यात लोक घाईने चुकतात. हप्ता थांबला की विमा संरक्षण संपते, आणि जुन्या नियमांत दोन वर्षांचे पूर्ण हप्ते भरल्याशिवाय सरेंडर रक्कमच, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास परत मिळणारी रक्कम, मिळत नसे. पहिल्याच वर्षी सोडून देणाऱ्याचे सगळे जाई. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या पॉलिसींत एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष उलटले की काही रक्कम मिळण्याचा नियम झाला. पुढचा हप्ता भरायचाच झाला, तर ‘तक्रारीच्या अधीन राहून, हक्क राखून’ भरत आहोत असे पत्र जोडावे. सरेंडर करून टाकण्याआधी मात्र थांबलेले बरे. सरेंडरच्या अर्जावर ‘पूर्ण व अंतिम’ अशी ओळ छापलेली असते, आणि तिच्याखाली सही झाली की कंपनी पुढे तीच ओळ दाखवते.

सही खोटी असेल तर प्रकरण दिशाभुलीचे राहत नाही; ते बनावट दस्तऐवजाचे आणि फसवणुकीचे होते. त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात द्यायची. विमा लोकपालांची कार्यपद्धती थोडक्यात निकाल लावणारी आहे. हस्ताक्षरतज्ज्ञ, साक्षी-उलटतपासणी यांची गरज असलेला वाद ते बहुधा दिवाणी न्यायालयाकडे सोडतात.

एकदा फसलेल्या माणसाचा नंबर दुसऱ्या टोळीच्या यादीत जातो. ‘विमा प्राधिकरणातून बोलतोय, तुमच्या जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, तो सोडवायला एक नवी पॉलिसी घ्या’ किंवा ‘जीएसटीचे बारा हजार भरा’ असे फोन येतात. प्राधिकरण पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही आणि कोणाला फोन करून पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तासाभरात कळवले, तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

राहिला कर्ज लवकर फेडणाऱ्यांचा प्रश्न. वीस वर्षांचे गृहकर्ज आठव्या वर्षी फिटले, तर कर्जसंरक्षण विम्याच्या उरलेल्या बारा वर्षांपोटी भरलेल्या हप्त्याचा काही भाग परत मागता येतो, किंवा प्रमाणपत्राच्या अटींत तशी तरतूद असेल तर संरक्षण पुढे चालू ठेवता येते. बँक नो-ड्यूज दाखला देते, सातबाऱ्यावरचा किंवा घरावरचा बोजा उतरवायचे पत्र देते, पण या रकमेचा विषय सहसा स्वतःहून काढत नाही. त्यासाठी विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत, कर्ज बंद झाल्याचे पत्र आणि बँक पासबुकाची प्रत जोडून विमा कंपनीकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो. कर्जबदलीत, म्हणजे एका बँकेचे कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना, हेच लागू होते. जुन्या विम्याचे पैसे न मागता नव्या बँकेत नवा एकरकमी हप्ता भरला, तर त्याच घरासाठी दोन विम्यांचा खर्च कर्जदार सोसत राहतो.